शोधसंख्येचे आकडे व त्यांची विश्वसनीयता

एखादा शब्द महिन्यातून किती वेळा शोधला जातो हे पाहून संकेतस्थळ चालविणारे अनेक लहान व्यावसायिक मालाचा व जाहिरातीचा खर्च ठरवितात. या कामी बहुधा गूगलचे, 2013 साली सुरू झालेले, ‘कीवर्ड प्लॅनर’ हे साधन वापरले जाते. त्यातील मुख्य आकडा ही काटेकोर मोजदाद नव्हे. ती सामान्यतः मागील बारा महिन्यांची, ठोकळ केलेली सरासरी होय.

हापूस आंब्याचे उदाहरण घ्यावे. समजा, वर्षभरात त्यासंबंधीच्या एका शब्दाचे 12,000 शोध झाले व त्यांपैकी 9,000 एप्रिल-मे या दोन महिन्यांतच झाले. सरासरी 1,000 दिसेल. प्रत्यक्षात मोसमात दरमहा 4,500 व एरवी जेमतेम 300! त्या हजारावर विसंबून ऑगस्टात जाहिरातीस पैसे ओतणाऱ्याची काय गत होईल, हे सांगावयास नको. मोसमाचा चढउतार ‘गूगल ट्रेंड्स’मध्ये दिसतो, मात्र तेथील 0 ते 100 हे अंक सापेक्ष असतात, शोधांची संख्या नव्हेत.

जाहिरातीवर अल्प खर्च करणाऱ्यास 2016 पासून नेमक्या आकड्याऐवजी ‘1,000 ते 10,000’ असा दहापट रुंद पट्टा दाखविला जाऊ लागला. शिवाय एकवचन-अनेकवचनासारखी जवळची रूपे पुष्कळदा एकाच गटात धरली जाऊन प्रत्येकापुढे तोच आकडा येतो. त्यांची बेरीज करणारा एकच गिऱ्हाईक दोनदा मोजतो.

स्वतःचे स्थळ शोधनिकालांत किती वेळा दिसले, हे ‘सर्च कन्सोल’मध्ये कळते. तेथेही विरळ शोधशब्द गोपनीयतेस्तव वगळलेले असतात.