जुने सेसना : आधी इंजिन की आधी पडदे?

प्रश्न : अमेरिकेत १९७८ सालचे सेसना १७२ विकत घ्यायचे आहे. खर्च आधी कशावर करावा, नव्या उपकरणांवर की इंजिनवर? (एक वाचक, टेक्सास)

उत्तर : आधी इंजिन, आणि त्याहीआधी लॉगबुक.

त्या वर्षीच्या १७२ एन मॉडेलचे मूळ इंजिन म्हणजे लायकमिंगचे १६० अश्वशक्तीचे ओ-३२०-एच२एडी. कॅमशाफ्ट आणि टॅपेट झिजण्याबद्दल ते बदनाम आहे. विमान महिनोन्‌महिने नुसते उभे राहिले, की या भागांवरचे तेल ओघळते आणि गंज धरतो. त्यामुळे ‘फारसे उडालेले नाही’ ही विक्रेत्याची फुशारकी धोक्याची खूणही असू शकते. तेल बदलताना फिल्टर कापून धातूचे कण शोधावेत.

लायकमिंग २,००० तास किंवा १२ वर्षांनी ओव्हरहॉल सुचवते. खासगी वापरासाठी ते बंधनकारक नाही. वार्षिक तपासणी मात्र कुणालाच चुकत नाही. सीटच्या रुळांची तपासणीही सक्तीची आहे : दर १०० तासांनी किंवा १२ महिन्यांनी. उड्डाण घेताना सीट मागे घसरली, तर वैमानिक नकळत योक ओढतो आणि विमानाचे नाक वर जाते.

तेल बदलणे, स्पार्क प्लग साफ करणे ही कामे वैमानिक-परवाना असलेला मालक स्वतः करू शकतो. लॉगबुकात सहीनिशी नोंद हवी.

उपकरणांत पहिला मान एडीएस-बी आउटचा, म्हणजे विमानाचे स्थान आपोआप प्रसारित करणाऱ्या यंत्रणेचा. १ जानेवारी २०२० पासून मोठ्या विमानतळांभोवती ते अनिवार्य आहे. व्हॅक्यूम पंपावरच्या जायरोऐवजी गार्मिन जी५ हा इलेक्ट्रॉनिक पडदा त्यानंतर.

खरेदीपूर्व तपासणी विक्रेत्याच्या नेहमीच्या मेकॅनिककडून करून घेऊ नये.