पारव्यांचा जोडा आणि घरची चांदणी

आजचं वचन : लूक 2:22-24

मरीया आणि योसेफ बाळाला घेऊन मंदिरात गेले, तेव्हा अर्पण काय? पक्ष्यांचा जोडा. नियम लेवीय 12:8 मध्ये आहे : कोकरू परवडत नसेल, तर दोन होले किंवा पारव्यांची दोन पिल्लं चालतील. म्हणजे पहिल्या नाताळचं घर गरिबाच्या सवलतीत बसणारं होतं! ऑफिसच्या सीक्रेट सांतात ‘किमान 500 रुपये’ वाचलं की मला हेच आठवतं.

सेनगावला आम्ही चांदणी घरीच करतो. बांबूच्या सारख्या 10 कामट्या घ्या, पाच-पाचच्या दोन चांदण्या बांधा, एकावर एक ठेवून पाचही टोकं दोऱ्याने आवळा. आत जिथे कामट्या एकमेकींना छेदतात, तिथे पाच आखूड काड्या आडव्या अडकवल्या की चांदणी फुगते. वर पतंगाचा कागद, चिकटवायला कणकेची खळ. दिवा एलईडीच लावा, जुना बल्ब कागद तापवतो. गव्हाणीत कडबा आणि कापूस. डिसेंबरात वेचणी चालूच असते, विकत कशाला आणायचा?

भेट म्हणजे घरची हळद, जुन्या कॅलेंडरच्या पिशवीत. (आत प्लॅस्टिकची पुडी हवीच, नाहीतर सगळं पिवळं.)

पुण्यात असाल तर कामट्यांसाठी बुरूड आळीत विचारा.