कापसाच्या पानाचे सूक्ष्मचित्र व संगणकाची स्मृती

वर्धा जिल्ह्यातील कापसाचे बहुतांश क्षेत्र कोरडवाहू आहे. अशा पिकाच्या पानांतून किती पाणी उडून जाते, हा प्रश्न वाणाची निवड करताना महत्त्वाचा ठरतो, आणि त्याचा काही उलगडा पानाच्या त्वचेवरील पर्णरंध्रांच्या मोजणीने होतो. पानाच्या खालच्या बाजूस पारदर्शक नखरंगाचा पातळ थर द्यावा, तो वाळल्यावर चिकटपट्टीने उचलून काचपट्टीवर लावावा, म्हणजे रंध्रांचा ठसा मिळतो. हा ठसा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून डोळ्यांनी मोजणी करण्याची पद्धत जुनीच आहे. अलीकडे संपूर्ण काचपट्टीचे यंत्राने चित्र घेता येते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकावयास अथवा काम करावयास जाणाऱ्या जिल्ह्यातील तरुणांना असे चित्र आपल्या साध्या संगणकावर उघडण्याचा प्रसंग कधी ना कधी येणारच. तेव्हा बहुधा संगणक मंदावतो, नाहीतर स्मृती अपुरी असल्याची सूचना देऊन काम थांबवितो. यात संगणक बिघडलेला नसतो. हिशेब चुकलेला असतो.

तो हिशेब असा. संगणकातील चित्र म्हणजे असंख्य चित्रबिंदूंची, म्हणजे पिक्सेलांची, जाळी होय. अशा यंत्रांत एक पिक्सेल पानावरील ०.२५ मायक्रॉन इतक्या अंतराचा असणे सामान्य आहे. एक सेंटिमीटर म्हणजे १०,००० मायक्रॉन. त्यामुळे एक सेंटिमीटर लांब व तितक्याच रुंद ठशाच्या चित्रात एका बाजूस ४०,००० व दुसऱ्या बाजूस ४०,००० पिक्सेल येतात. गुणाकार केला असता ते १६० कोटी होतात. रंगीत चित्रातील प्रत्येक पिक्सेलास तांबडा, हिरवा व निळा असे तीन आकडे, म्हणजे तीन बाइट, लागतात. एकूण ४८० कोटी बाइट झाले. इमेजजे या विनामूल्य कार्यक्रमात रंगीत पिक्सेलास चार बाइट दिले जातात. हा कार्यक्रम वेन रासबँड यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत १९९७ साली तयार केला. त्यात हेच चित्र ६४० कोटी बाइट, म्हणजे सुमारे ६.४ गिगाबाइट जागा घेते. संगणकाची स्मृती, जिला व्यवहारात रॅम म्हणतात, ८ गिगाबाइट असेल तर त्यांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक जागा इमेजजेस देऊ नये, असा संकेत आहे. कारण उरलेली जागा संगणकास स्वतःच्या कामासाठी हवी असते. म्हणजे उपलब्ध जागा ६ गिगाबाइट आणि गरज ६.४ गिगाबाइट! शिवाय चित्रावर कोणतीही क्रिया करताना मूळ चित्राची प्रत बहुधा बाजूला ठेवली जाते, तिची जागा वेगळीच.

येथे अनेकांची फसगत होते ती तबकडीवरील फाइलीच्या आकारामुळे. फाइल पाहावी तर ३०० मेगाबाइटांची, मग ती ८ गिगाबाइटांत का मावू नये? हिंगणघाटच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये १७० किलो रुई दाबून एका गाठीत बसविलेली ज्याने पाहिली आहे, त्याला हे सहज समजेल. गाठ कोठारात थोडीच जागा अडविते. पण रुई पिंजावयाची तर गाठ सोडावी लागते, आणि मोकळी रुई खोली भरून टाकते. साठविलेली फाइल ही दाबलेली गाठ होय. काम मात्र मोकळ्या चित्रावर करावे लागते.

संगणकाची स्मृती संपली की तो तबकडीचाच काही भाग स्मृती म्हणून वापरू लागतो. तबकडी कितीतरी पटींनी मंद असल्यामुळे क्षणाचे काम तासभर रेंगाळते. अधिक रॅम घेणे हा उपाय खरा, पण तोही सर्वत्र लागू पडत नाही. इमेजजे ज्या जावा भाषेत लिहिला आहे, त्या भाषेत एका रांगेत २,१४,७४,८३,६४७ पेक्षा अधिक घटक ठेवता येत नाहीत. चौरस चित्राची बाजू ४६,३४० पिक्सेलांहून मोठी झाली की ही मर्यादा ओलांडली जाते. ठसा एक सेंटिमीटरऐवजी १.२ सेंटिमीटर घेतला, तर चित्र ४८,००० गुणिले ४८,०००, म्हणजे सुमारे २३० कोटी पिक्सेलांचे होते. मग कितीही रॅम विकत घेतली तरी ते एका पातळीत उघडणार नाही. खर्च करण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

काहीजण अशा वेळी चित्र लहान करून घेतात. मोजावयाच्या वस्तूचा विचार न करता असे करणे धोक्याचे आहे. कापसाच्या तंतूचा आडवा छेद घेऊ. तंतूची रुंदी १६ मायक्रॉन व भिंतीची जाडी ३ मायक्रॉन धरली, तर मूळ चित्रात रुंदीस ६४ आणि भिंतीस १२ पिक्सेल मिळतात. चित्र प्रत्येक बाजूने आठपट लहान केले की भिंतीच्या वाट्यास दीडच पिक्सेल उरतो. त्यावरून तंतू पक्व की अपक्व, हे कोण सांगणार? संगणक आकडा देईल, पण तो आकडा खोटा असेल. आणि अशा आकड्यांवरून वाण निवडला गेला तर त्याची किंमत शेतकऱ्यास एका हंगामाने द्यावी लागेल. उलट, पानावरील मोठ्या शिरांची मांडणी तेवढी पाहावयाची असल्यास लहान केलेले चित्र पुरेसे होते.

खरा उपाय म्हणजे चित्राचे तुकडे पाडून एकेक तुकडा स्मृतीत आणणे. वरील चित्राचे ५,००० गुणिले ५,००० पिक्सेलांचे तुकडे केले तर ६४ तुकडे होतात व प्रत्येकास इमेजजेमध्ये अवघे १० कोटी बाइट लागतात. हे ओझे जुन्या संगणकासही पेलते. क्यूपाथ हा दुसरा विनामूल्य कार्यक्रम तर मोठी काचपट्टीचित्रे मुळातच अशा तुकड्यांनी वाचतो. एकाच जागेची निरनिराळ्या खोलीवरील अनेक चित्रे असल्यास इमेजजेमधील व्हर्च्युअल स्टॅक ही सोय वापरावी. तीत एका वेळी एकच थर स्मृतीत येतो. रंगाची गरज नसेल तर चित्र मुळातच करड्या छटेत व आठ बिटांत घ्यावे, म्हणजे पिक्सेलास एक बाइट पुरतो.

तुकड्यांच्या कडांवर मात्र विशेष लक्ष हवे. कडेवर कापलेले रंध्र दोन्ही तुकड्यांत मोजले जाते किंवा दोन्हींतून सुटते. यासाठी बीजाणू मोजण्याच्या काचकक्षातील नियमच लावावा: वरच्या व डाव्या कडेला स्पर्श करणारी रंध्रे धरावीत, खालच्या व उजव्या कडेची सोडावीत. सर्व ६४ तुकडे मोजण्यास वेळ नसेल तर त्यांतील काही चिठ्ठ्या टाकून निवडावेत. स्वच्छ, सुंदर दिसणारे तुकडे निवडण्याचा मोह होतो. पण बोंडअळी पाहताना केवळ बांधाकडची बोंडे तोडण्यासारखेच ते होय.

प्रत्येक तुकड्याची मोजणी संपताच तिची नोंद तक्त्यात जतन करावी, म्हणजे मध्येच वीज गेली तरी मागचे काम वाया जात नाही. जतन करतानाही एक अडचण येते. नेहमीच्या टिफ फाइलीस ४ गिगाबाइटांची मर्यादा आहे. आपले ४८० कोटी बाइटांचे न दाबलेले चित्र तीत बसत नाही, त्यासाठी बिगटिफ हा प्रकार निवडावा लागतो. फॅट-३२ पद्धतीने सिद्ध केलेला पेनड्राइव्हही ४ गिगाबाइटांची फाइल स्वीकारत नाही, तो मोकळा असला तरीही. प्रयोगशाळेतून चित्र आणावयास निघण्यापूर्वी पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने सिद्ध करून घ्यावा. तसे करताना त्यावरील जुना मजकूर पुसला जातो, म्हणून तो आधी अन्यत्र उतरवून ठेवावा.