बंद खोलीतला एव्हरेस्ट

आठ तरुण एव्हरेस्टच्या उंचीवर निघाले. पण ना डोंगर चढायचा, ना बर्फ तुडवायचे. एका खोलीत बसूनच जायचे. हे कसे काय? सांगतो.

आधी हवेची गोष्ट समजून घेऊ. कडब्याची गंज पाहा. तळच्या पेंढ्या वरच्या ओझ्याने दडपून घट्ट बसतात. वरच्या पेंढ्या सैल असतात. हवेचेही तसेच आहे. जमिनीजवळ ती दाट असते. उंच जावे तसतशी ती विरळ होते. एव्हरेस्ट शिखर ८,८४८ मीटर उंच आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच असतो. म्हणजे एका श्वासात प्राणवायूही तेवढाच कमी मिळतो.

उंच डोंगरावर राहणारा माणूस वाळतो, हे पूर्वीपासून ठाऊक होते. पण कशाने वाळतो? तिथे थंडी असते, ओझे असते, धड स्वयंपाक होत नाही. मग दोष कोणाचा? थंडीचा, कष्टांचा की हवेचा?

आपण शेतात खताची परीक्षा कशी करतो? दोन वाफे घेतो. बी तेच, पाणी तेच. एकात नवे खत घालतो, दुसऱ्यात नाही. मग खताचा गुण तेवढा वेगळा कळतो. शास्त्रज्ञांनीही असेच केले. बाकी सगळे नीट ठेवले आणि फक्त हवा बदलली.

अमेरिकेत नॅटिक गावी लष्कराची संशोधन संस्था आहे. तिथे १९८५ साली हा प्रयोग झाला. आठ धडधाकट तरुण एका हवाबंद खोलीत राहिले. पंपाने खोलीतली हवा दिवसेंदिवस विरळ करत नेली. चाळीस दिवसांत एव्हरेस्टच्या माथ्यावर असते तशी हवा केली. दोघांना त्रास झाला म्हणून मध्येच बाहेर काढावे लागले. सहा जण शेवटपर्यंत राहिले.

खोलीत थंडी नव्हती, ओझे नव्हते. झोपायला अंथरूण होते. चांगलेचुंगले अन्न हवे तेवढे मिळत होते. तरीही त्या सहा जणांचे वजन सरासरी ७.४ किलोने घटले!

कारण काय? पहिले कारण, भूक मेली. ताट समोर असे, पण जेवण जात नसे. सुरुवातीला शंभर घास खाणारा माणूस शेवटी सत्तावन्न घासांवर आला, असे समजा.

आणि गेले ते काय? सगळी चरबी गेली असे तुम्हाला वाटेल. तसे नाही, बरं का! चरबी साधारण तिसरा हिस्साच होती. बाकीच्या घटीत स्नायू होते. मांड्या आणि दंड बारीक झाले. ज्या स्नायूंच्या बळावर माणूस चालतो, ओझे उचलतो, तेच झिजले.

पुढे १९९७ साली फ्रान्समध्ये मार्सेय शहरी असाच प्रयोग झाला. तिथेही आठ जण होते. एकतीस दिवसांत त्यांचे वजन सरासरी सुमारे पाच किलोने उतरले. म्हणजे थंडी नसली, कष्ट नसले, तरी नुसती विरळ हवाही माणसाला वाळवते.

ह्यातून दोन गोष्टी शिकाव्यात.

एक : वजन उतरले म्हणजे प्रकृती सुधारली असे नव्हे. काय उतरले ते पाहावे. विरळ हवा हे लठ्ठपणावरचे औषध समजू नये. आणि आपल्या गावीही कोणाचे वजन कारण नसताना घटू लागले, भूक मेली, तर ‘बरा सडपातळ झाला’ म्हणून गप्प बसू नये. त्याला डॉक्टरकडे न्यावे.

दोन : आपल्याकडचे कितीतरी जवान लडाखमध्ये पहाऱ्यावर असतात. कोणी केदारनाथला, अमरनाथला जातात. उंचावर जाणाऱ्याने घाई करू नये. टप्प्याटप्प्याने चढावे, वाटेत मुक्काम करावा. भूक नसली तरी थोडे थोडे, पण पुन्हा पुन्हा खावे. पाणी पीत राहावे. डोके दुखू लागले, उलटी झाली, तर आणखी वर चढू नये. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला, तर ताबडतोब खाली उतरावे आणि डॉक्टरला गाठावे. तिथे हिंमत दाखवण्यात शहाणपण नाही. जीव वाचतो तो खाली उतरल्याने.

नवे शब्द : विरळ – पातळ, दाट नसलेली. प्राणवायू – हवेतला ज्यावर आपण जगतो तो भाग. स्नायू – हाडांवरचे मांस, ज्याने हातपाय हलतात.

प्रश्न
१. उंचावर हवा विरळ का असते?
२. खोलीत अन्न भरपूर असूनही माणसे का वाळली?
३. तुमच्या ओळखीचे कोणी उंच डोंगरावर जाणार असेल, तर त्याला काय सांगाल? चार ओळी लिहा.