राउटरांतील पहारेकरी

जऊळक्यास वा अन्यत्र घरचा राउटर आपोआप पुनः सुरू होऊं लागला, कीं आपण विजेस दोष देतों. ‘ओपनडब्ल्यूआरटी’ प्रणाली घातलेल्या राउटरांत मात्र ‘वॉचडॉग’कडेही पाहावें. हें एक स्वतंत्र घड्याळ होय. प्रणाली त्यास सामान्यतः दर 5 सेकंदांनीं हाक देते. 30 सेकंद हाक आली नाहीं, तर यंत्र अडलें असें मानून तें सारें पुनः सुरू करतें. नव्या प्रणालीस हा पहारेकरी ठाऊकच नसेल, तर राउटर ठराविक अंतरानें बंद पडतो. अंतर अनियमित असल्यास दोष बहुधा अन्यत्र असतो. 1997 सालीं मंगळावरील पाथफाइंडर यानही असेंच वारंवार पुनः सुरू होई. अभियंत्यांनीं पहारेकऱ्यास काढलें नाहीं. कामांच्या अग्रक्रमांतील दोष पृथ्वीवरून दुरुस्त केला. आम्हांसही तोच मार्ग रुचतो. पुनः सुरू होतांना स्मृतींतील नोंदी पुसल्या जातात. म्हणून त्या आधींच दुसऱ्या संगणकाकडे पाठवीत जाव्या.