पर्माकल्चर : ऑस्ट्रेलियातलं पुस्तक आणि कडवंचीचा माळ

‘पर्माकल्चर’ हा शब्द आजकाल बराच ऐकू येतो. ऐकला की डोळ्यांसमोर येतं ते बांबूचं घर, पुढे भाजीचे वाफे, दोन कोंबड्या आणि शहरातली नोकरी सोडून आलेली माणसं. पण ही मुळात डिझाईनची पद्धत आहे. आणि डिझाईन म्हटलं की विषय आपल्या ब्रँचचा झाला! त्यातला सगळ्यात महत्त्वाचा धडा शिकायला आपल्याला फार लांब जायची गरज नाही. तो जालना तालुक्यातच, कडवंची गावात आहे.

शब्द कुठून आला?

बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या दोघा ऑस्ट्रेलियन लोकांनी १९७८ साली ‘पर्माकल्चर वन’ हे पुस्तक काढलं. ‘पर्मनंट’ आणि ‘अ‍ॅग्रिकल्चर’ हे दोन शब्द जोडून हे नाव तयार झालं, म्हणजे टिकाऊ शेती. यात जागेचे झोन पाडतात. ज्या गोष्टीकडे रोज अनेकदा जावं लागतं ती घराजवळ, जिच्याकडे क्वचित जायचं ती लांब. आपल्याकडे हे झोन पूर्वीपासून आहेत, फक्त त्यांना नंबर नाहीत : घर, परस, गोठा, खळं, शेत, बांध, गायरान आणि शेवटी माळ. मराठवाड्यात शेतातच घर करून राहण्याच्या जागेला ‘आखाडा’ म्हणतात. इंग्रजीत ज्याला ‘होमस्टेड’ म्हणतात, त्याला याहून जवळचा शब्द मला तरी सापडला नाही.

आखाड्यावरचा दिवस

आखाड्यावर दिवस उजाडायच्या आधी सुरू होतो. आधी धार, मग गोठा झाडणं, शेण उकिरड्यावर. उकिरडा म्हणजे आपण समजतो तसा कचरा नव्हे, ती पुढच्या वर्षीची खताची बँक आहे. मग मोटर. शेतीची थ्री-फेज लाईट बऱ्याच ठिकाणी एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते, त्यामुळे पाण्याची पाळी माणसाच्या झोपेवर नाही, महावितरणच्या टाइमटेबलवर ठरते. ठिबकचा फिल्टर साफ करायचा, चोक झालेले ड्रीपर बघायचे. द्राक्षबाग असेल तर एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, मग घडांची विरळणी. विरळणीत बायांचे हात जास्त असतात. हे काम मशीनला जमत नाही, कारण कुठला मणी ठेवायचा ते प्रत्येक घड बघून ठरतं.

या सगळ्या कामांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो : पाणी मेपर्यंत पुरेल का?

माथा ते पायथा

जालना जिल्ह्यात वर्षाला सरासरी ६५० ते ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही मोजक्या दिवसांत. हिशोब सोपा आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर. ६५० मिमी म्हणजे हेक्टरी ६५ लाख लिटर! मग पाणी जातं कुठे? बरंचसं वाफ होऊन जातं, बरंचसं उतारावरून माती घेऊन पळतं. खाली आपला बेसाल्ट खडक. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. म्हणून विहिरी पटकन भरतात आणि पटकन आटतात.

कडवंचीत १९९६ नंतरच्या पाच-सहा वर्षांत इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून काम झालं. हा कार्यक्रम महाराष्ट्रात उभा करण्यात स्वित्झर्लंडहून आलेले फादर हर्मन बाकर यांचा मोठा वाटा होता. कडवंचीत काम पाहणारी संस्था होती मराठवाडा शेती सहाय्य मंडळ, म्हणजे विजयअण्णा बोराडे आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राची मंडळी. क्षेत्र १,८८८ हेक्टर. काम माथ्यापासून पायथ्याकडे : आधी माळावर समतल चर, मग शेतांची बांधबंदिस्ती, मग ओढ्यावर बंधारे. क्रम उलटा केला तर बंधारा पहिल्या एक-दोन पावसाळ्यांतच गाळाने भरतो.

चर ‘समतल’ का? तो एका पातळीत असेल तर पाणी सगळ्या लांबीत सारखं उभं राहतं आणि मुरतं. जरा तिरका झाला तर पाणी एका टोकाला जमून तिथून चर फोडतं. ही पातळी काढायला आपल्याला सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला डम्पी लेव्हल लागते. गावात ए-फ्रेमवर भागतं. दोन सारख्या काठ्या, मध्ये एक आडवी, आणि वरून दोरीला बांधलेला दगड. दोरी आडव्या काठीच्या मध्यखुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत.

पण नुसत्या चरांनी माळ हिरवा होत नाही. या कार्यक्रमाच्या अटी होत्या : श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. चराईबंदीचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. ज्याच्याकडे शेत नाही, फक्त चार शेळ्या आहेत, त्याला ती जास्त जाचते. म्हणून हे काम गावाने मिळून ठरवावं लागतं. झोन कागदावर आखता येतात, पण माळ सगळ्यांचा असतो.

शेततळ्याचं गणित

पुढे कडवंचीत शेततळी झाली, पाचशेच्या वर, आणि त्यांच्यावर द्राक्षं. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या कितीतरी मोसंबीच्या बागा वाळल्या, वर्षानुवर्षं वाढवलेली झाडं तोडावी लागली. कडवंचीतल्या द्राक्षबागा मात्र तगल्या. मग सगळीकडे ‘शेततळं घ्या’ सुरू झालं. इथेच इंजिनिअरने थांबून आकडे मांडायला हवेत.

३० × ३० मीटरचं, ३ मीटर खोल, १:१ उताराचं तळं घ्या. तळाशी ते २४ × २४ होतं. प्रिझमॉयडल फॉर्म्युल्याने आकारमान येतं २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर. आता उन्हाळ्यात दिवसाला ८ मिमी बाष्पीभवन धरू. भरलेल्या तळ्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर. म्हणजे दिवसाला ७,२०० लिटर नुसतं हवेत! माणशी ५५ लिटरच्या सरकारी हिशोबाने हे पाच माणसांच्या २६ घरांचं एका दिवसाचं पाणी झालं.

पावसाचं वाहून जाणारं पाणी तळ्यात अडवलं तर हा तोटा परवडतो, कारण ते पाणी तसंही जाणार होतं. पण विहिरीचं पाणी उपसून प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्यात भरलं, तर जमिनीखाली सावलीत असलेलं, सगळ्या गावाचं पाणी एकाने वर काढून उन्हात ठेवलं असा त्याचा अर्थ होतो. तळं तेच, आकार तोच, पण एक जलसंधारण आणि दुसरं उपसा. फरक ड्रॉइंगमध्ये दिसत नाही, ताळेबंदात दिसतो.

कडवंची म्हणजे पुस्तकातलं शुद्ध पर्माकल्चर असं मी म्हणत नाही. द्राक्षाला फवारण्या लागतात, ते एकाच पिकावर उभं असलेलं अर्थकारण आहे. त्या बाबतीत कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर आणि त्यांचा ‘प्रयोग परिवार’ वाचायला हवा. दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब कसं जगेल याचा हिशोब त्यांनी ऊन, पानं आणि मातीपासून मांडला. पण ‘आधी पाणी, मग पीक’ हा पर्माकल्चरचा पहिला धडा कडवंचीने करून दाखवला आहे.

आपल्यासाठी होमवर्क

समजा होस्टेलची गच्ची ६०० चौरस मीटर आहे. ६५० मिमी पाऊस, त्यातला ८० टक्के हाती आला तर ३,१२,००० लिटर. वाचायला खूप वाटतं. आता होस्टेलमध्ये २०० जण, माणशी रोज १०० लिटर. किती दिवस पुरेल? जेमतेम साडेपंधरा! म्हणजे अडवणं ही अर्धीच गोष्ट झाली, उरलेली अर्धी आपल्या बादलीत आहे. तेव्हा आपल्या गच्चीची खरी लांबी-रुंदी टेपने मोजा, मेसच्या टाकीत रोज किती पाणी पडतं ते मामांना विचारा, आणि दोन्ही आकडे नोटीस बोर्डावर शेजारी शेजारी लावा.