एलीयाच्या तीन प्रार्थना

वाचावयाचा भाग : १ राजे १८:३०-४६, १९:१-८.

याकोब आपल्या पत्रांत सांगतो कीं, एलीया हा स्वभावानें आपल्यासारखाच मनुष्य होता (५:१७). त्याच्या तीन प्रार्थना ह्या दोन अध्यायांत आहेत, आणि तिहींचीं उत्तरें निरनिराळीं आहेत.

पहिली, अग्नीसाठीं. कर्मेल डोंगरावर बआलाच्या संदेष्ट्यांनीं सकाळपासून आरोळ्या मारिल्या, आपलीं अंगें सुऱ्यांनीं कापून घेतलीं. तरी उत्तर आलें नाहीं. एलीयाची प्रार्थना दोनच वचनांत संपते, आणि अग्नि उतरतो. देह कष्टवून देवाचें मन वळवावें लागत नाहीं. जो आधींच आपला पिता आहे, त्याला लांच काय द्यावयाचा?

दुसरी, पावसासाठीं. मी पाऊस पाठवितों असें परमेश्वरानें आधींच सांगितलें होतें (१८:१). मग मागणें कशाला, असें कोणी विचारील. पण बाप भाकर देणार हें ठाऊक असतें म्हणूनच मूल त्याच्याजवळ मागतें. एलीया भूमीपर्यंत लवून तोंड गुडघ्यांमध्यें घालतो. चाकर समुद्राकडे पाहून येतो व म्हणतो, कांहीं नाहीं. सातव्या खेपेस हाताएवढा लहान मेघ दिसतो. मनुष्य तोच, डोंगर तोच, दिवस तोच. तरी एक उत्तर तत्काळ, दुसरें उशिरां. म्हणून विलंब झाला कीं आपला विश्वास खोटा, किंवा देव रुष्ट झाला, असें अनुमान कोणीं काढूं नये. घरांत मूल तापानें फणफणत असतां शेजारी म्हणतात, जुने देव कोपले, नवस करा. त्या वेळीं ह्या सात खेपा आठवाव्या.

परंतु सातव्या खेपेसही मेघ न दिसला तर?

तिसरी प्रार्थना ह्यासाठींच लिहून ठेविली आहे. ईजबेलीच्या धमकीनें भिऊन तोच एलीया रानांत पळतो, झुडुपाखालीं बसतो, आणि मरण मागतो. देवानें तें दिलें नाहीं. पण त्याला धिक्कारिलेंही नाहीं. त्याला झोंप दिली, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी दिलें, आणि चाळीस दिवसांच्या वाटेस पुरेल असें बळ दिलें. पुढें एलीया मेलाच नाहीं. तो वावटळींतून स्वर्गांत घेतला गेला (२ राजे २:११). नकाराच्या मागें देवानें त्याच्यासाठीं थोर तें राखून ठेविलें होतें. आपणांस तें ह्या जन्मांत दिसेलच असें नाहीं. पण झुडुपाखालची भाकर दुःखिताला आजही मिळते.

उपदेशक बंधूंनीं चाकराकडेही पाहावें. मेघ नसतां मेघ आहे असें तो बोलला नाहीं, आणि पुन्हा जा म्हटल्यावर कुरकुरलाही नाहीं. रोग्याच्या बिछान्याशीं बसतांना खोटी आशा देऊं नये, आणि प्रार्थनाही सोडूं नये.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न :
१. बआलाच्या संदेष्ट्यांचें ओरडणें आणि एलीयाची चिकाटी ह्यांत भेद कोणता?
२. वचन असतांही एलीयानें प्रार्थना कां केली?
३. देवानें नाकारलेली एखादी मागणी आज तुम्हांला दया वाटते काय?